हिशोबाची वही माझ्याकडे राहू दे

मणेराजुरी, ता. तासगाव, जि. सांगली

चि. रणजित यास,
आप्पांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आप्पा, बरोबर आप्पा" करतोस. फोन ठेवला की आई विचारते, काय म्हणाला? तेव्हा सांगायला माझ्याकडे काही नसतं. म्हणून हे पत्र. बागेत मण्यात पाणी उतरलंय, गोडी भरायला अजून वेळ आहे, तोवर रात्री जरा उसंत मिळते. शिवाय पत्र वाचताना "आप्पा, रेंज जातेय" असं म्हणता येत नाही.

संक्रांतीला आलास तेव्हा तुझी ती छोटी वही इथंच राहिली. गोल्फची यार्डेज बुक म्हणतोस ती. आईनं धुवायला पँट घेतली तर मागच्या खिशातनं निघाली, नाहीतर गेलीच होती पाण्यात. मी चाळली. सगळं कळलं असं नाही, पण आवडली. एकेका होलचा नकाशा, कुठला बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, किती यार्डांवर, आणि ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, बाण काढून उतार कुठं पळतो ते. दहावीत असं अक्षर काढलं असतंस तर भूमितीचे मार्क वाढले असते. चौदाव्या होलच्या पानावर मात्र बाणांच्या खाली एक बेरीज आहे. लॉज, चार रात्री. बॅग उचलणारा कॅडी. जेवण. तत्काळ तिकीट. आणि तळाशी "आप्पा" लिहून पुढं एक मोठा आकडा, त्याला दोनदा गोल केलाय.

आकडा बरोबर आहे. माझ्या वहीत मांडलाय तोच. पण चौदा नंबरवर उभं राहून ही बेरीज करायचं कारण काय?

मी गोल्फ शिकलेला नाही आणि या वयात शिकणारही नाही. पण पुण्यात त्या दिवशी मी आणि मामा तुझ्या बाजूबाजूनं सगळे अठरा होल चाललो, ते काही नुसतं हवा खायला नाही. मी हातातल्या घड्याळावर वेळ लावत होतो. मामानं सांगितलं की नियमात फटक्याला ४० सेकंदांहून जास्त घेऊ नयेत अशी शिफारस आहे. समजा ७२ फटके, प्रत्येकाला पुरे ४० सेकंद धर. झाली ४८ मिनिटं. तुमच्या ग्रुपला लागले पावणेपाच तास. म्हणजे जवळजवळ चार तास तू काहीच खेळत नव्हतास. चालत होतास, पुढचा ग्रुप हलायची वाट बघत होतास, पाणी पीत होतास. कुस्तीत, कबड्डीत असलं काही नाही. तिथं समोरचा माणूस तुला विचार करायला सवडच देत नाही. तुझ्या खेळात सवडच सवड, आणि रिकामं डोकं कुठं जाईल याचा नेम नाही.

आठव्या होलवर तुझे तीन पट लागले, म्हणजे ग्रीनवर बॉल खड्ड्यात ढकलायला तीन फटके. बारकं पोरगंही घालेल असा शेवटचा पट तू घातलास, बॉल उचललास, आणि पुढच्या टीकडे, म्हणजे पुढच्या होलचा पहिला फटका मारायच्या जागेकडे, निघालास. तोंडावर काही नाही. पण हातमोज्याची ती चिकटपट्टी तू उघडत होतास आणि लावत होतास. खर्र, खर्र. टीवर पोचेपर्यंत तेच. मामा माझ्या कानात म्हणाला, "बघा दाजी, गडी अजून आठव्यावरच आहे." आणि तू नवव्याचा पहिला फटका मारलास तो सरळ उजवीकडच्या झाडीत. शोधायला तीन मिनिटं. पूर्वी पाच मिळायची म्हणे, २०१९ पासून तीन केली. मी पण वाकून वाकून झुडपात बघत होतो. सापडला नाही. राखीव बॉल मारून ठेवला होतास, तो दंडासकट खेळलास.

संध्याकाळी जेवताना तू म्हणालास, "नवव्यानं घात केला." मामा आणि मी एकमेकांकडं बघितलं. घात आठव्या ग्रीनपासून नवव्या टीपर्यंतच्या पायवाटेवर झाला होता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की त्या चार तासांत आमचा हिशोब बरोबर घेऊन फिरू नकोस. तो वाहायला मी आहे. तुझ्या बॅगेत चौदाच क्लब चालतात ना? मग पंधरावं ओझं कशाला?

आता जरा आकड्यांचंच बोलू, तुला आकडे आवडतात म्हणून. आठ फुटांवरचा पट हुकला की तू दिवसभर स्वतःला शिव्या घालतोस. ताईनं मला मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे खेळाडू, जगातले सर्वांत तयारीचे, आठ फुटांवरून साधारण दोनातला एकच घालतात. दहा फुटांवरून दहातले चार. वीस फुटांवर गेलं की शंभरात पंधराच्या आसपास. आणि त्यांचे ग्रीन बघ, गालिचासारखे. मग तुला कुणी सांगितलं की आठ फुटांवरून हुकणं हा गुन्हा आहे? तू ते चुकलं म्हणून धरतोस आणि त्याची भरपाई पुढच्या फटक्यात करायला जातोस. तिथं खरी चूक होते. उगाच लांब मारायचा क्लब, तो ड्रायव्हर, काढून पाण्यावरून मारायचं धाडस अशाच वेळी सुचतं, असं मामा म्हणतो. त्याला तीस वर्षं गोल्फच्या मैदानावर गवत कापताना जे दिसलंय ते कोचलाही दिसत नसेल.

जर्मनीचा बर्नहार्ड लँगर माहीत असेल तुला. १९९१ ला युरोप विरुद्ध अमेरिका अशा रायडर कपमध्ये अगदी शेवटच्या ग्रीनवर, शेवटच्या सामन्यात, सहा फुटांचा पट. तो गेला असता तर युरोपकडं कप राहिला असता. हुकला. सगळ्या जगानं बघितलं. आणि पुढच्याच आठवड्यात तो आपल्या देशात जर्मन मास्टर्स खेळला आणि जिंकला. मला तो हुकलेला पट किंवा जिंकलेली स्पर्धा यांपेक्षा मधले दिवस कसे काढले असतील याचं नवल वाटतं. जेवला कसा, झोपला कसा. त्यानं काय केलं ते मला ठाऊक नाही, पण तो परत खेळायला उतरला, एवढं नक्की.

इथं गावात काय चाललंय ते तुला माहीत आहेच. पारावर विचारतात, "पोरगं काय करतंय?" गोल्फ खेळतंय म्हटलं की पुढचा प्रश्न, "ते खरं, पण करतंय काय?" एकानं तर हॉकीच समजून धनराज पिल्लेचं विचारलं. आजी म्हणते, खड्ड्यात चेंडू घालायला एवढा खर्च लागतो होय, आमच्या वेळी गोट्या फुकट होत्या. मी आता युक्ती काढलीय. सांगतो की २०२४ पासून भारतातल्या गोल्फच्या व्यावसायिक टूरचे अध्यक्ष कपिल देव आहेत. लगेच चहा येतो. कपिल देवचं नाव अजून चालतं आपल्याकडं, एवढं बरंय.

"श्रीमंतांचा खेळ" हे मात्र मला झोंबतं. कारण ते निम्मं खरं आहे. क्लब, बूट, बॉल, मैदानाची फी, सगळं महाग. पण तुला ज्यांनी वाट दाखवली ते कोण? मामा, जो पहाटे पाचला ग्रीन कापायचं यंत्र काढतो. त्याच्याकडं शिकायला म्हणून राहिलास आणि रविवारी बॅगा उचलता उचलता खेळायला लागलास. या देशात ही वाट जुनी आहे. १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता. आणि एसएसपी चौरसिया तर थेट तुझ्यासारखाच. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना म्हणतात. तिथल्या ग्रीनकीपरचं पोर हे. लांब मारणारा नाही, पण ग्रीनजवळचा हात असा की लोक तोंडात बोट घालतात. २०१५ ला इंडियन ओपनमध्ये बरोबरी झाल्यावर प्लेऑफला अनिर्बन लाहिरीकडून हरला. २०१६ ला तीच स्पर्धा जिंकली. २०१७ ला परत जिंकली. रिओला ऑलिम्पिक खेळला. तू लांब मारण्याच्या नादात जिममध्ये पैसे घालतोस तेव्हा मला चौरसिया आठवतो. पण तो तुझा आणि कोचचा विषय, मी पडत नाही.

गोल्फवाल्या आदिती अशोकचं तुला सांगायला नको. पण आपल्या घरात काय झालं ते सांगतो, कारण तू त्या वेळी पुण्यात होतास. टोकियो ऑलिम्पिकची शेवटची फेरी, ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. आपल्याकडं पहाटेच सुरू झालं होतं. आई दूध काढायला जायच्या आधी टीव्हीसमोर बसली. तिला बर्डी काय, पार काय, काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की त्या पोरीची बॅग तिची आई उचलत होती. झालं, त्या दिवसापासून आई म्हणते, मी पण येते रणजितची बॅग घ्यायला. (म्हशींचं कोण बघणार, हे विचारलं की गप्प बसते.) चार दिवस, ७२ होल, आदितीचे २६९ फटके. ज्या दोघींत रौप्य आणि कांस्य वाटलं गेलं त्यांचे २६८. जगात दोनशेव्या नंबरची पोरगी आणि एका फटक्यानं पदक गेलं. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि गावात फटाके वाजले. सकाळचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आई मात्र अजून म्हणते, त्या एका फटक्याचं काय झालं असेल रे त्या पोरीच्या मनात? मी म्हणतो, ती परत खेळायला लागली, एवढं तर दिसतंय.

चौथ्या नंबरला टाळी नसते आणि चाळिसाव्या नंबरला ओळख नसते. तुझं बहुतेक आयुष्य चाळिसाव्या नंबराच्या आसपासच जाणार आहे, रणजित. हे मी तुला खाली खेचायला सांगत नाही. आसामात डिगबोईला जायला दोन दिवस रेल्वे, जमशेदपूरला एकाच स्पर्धेत बेलडिह आणि गोलमुरी अशी दोन मैदानं, अहमदाबादचं ऊन, आणि लॉजवर खोली वाटून घेणारा गडी ज्याला तुला उद्या मागं टाकायचंय. दोन फेऱ्या झाल्या की कट. निम्मे लोक घरी, हातात शून्य. कट पार केलेल्यांना पैसे. एक कोटीची स्पर्धा असली तर पहिल्याला १५ लाख मिळतात, पेपरात तेवढंच छापून येतं. बाकीच्या पोरांनी परतीचं तिकीट कसं काढलं ते कुठं येत नाही.

तू म्हणशील, आप्पा, तुम्हाला हे कसं समजणार. तर समजतं. फळछाटणी घेतली की पहिल्या दिवसापासून पैसा जमिनीत जातो. छाटणी, पेस्ट, फवारण्या, डिपिंग, विरळणी, मजुरी. आलेला पैसा एक दिवशी दिसतो, तोही दिसला तर. फुलोऱ्यात अवकाळी आला तर घड कुजतात, काढणीला आला तर मणी तडकतात. तुला आठवतं ना, एका वर्षी माल चांगला निघाला आणि व्यापारीच पैसे न देता गायब झाला. त्याच्या पुढच्या सकाळी मी बागेत गेलो होतो, कारण एप्रिलची छाटणी कुणाची वाट बघत नाही. पण माझ्यात आणि तुझ्यात एक फरक आहे, आणि तो मी नाकारत नाही. माझं नुकसान झालं की ढगाला शिव्या देता येतात, व्यापाऱ्याला देता येतात, डाऊनी रोगाला देता येतात. गावातले चार जण बरोबर असतात, सगळ्यांचंच गेलेलं असतं. तुझ्याकडं शिव्या द्यायला कुणी नाही. बॉल स्थिर पडलेला असतो, कुणी धक्का देत नाही, तूच मारतोस. असलं एकटेपण मी कधी अनुभवलं नाही. म्हणूनच त्यात आमच्या पैशांची भर नको, असं मी म्हणतो.

पैसा दुसऱ्याचा असला तरी माणूस लढू शकतो, हे आपल्याच भागातलं उदाहरण आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ ला लंडनला सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नाहीत. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. खाशाबा कांस्य घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मग परत आल्यावर त्यांनी कुस्तीची मैदानं भरवली, पैसा उभा केला आणि सरांचं घर सोडवलं. क्रम बघ. आधी कुस्ती, मग फेड. समोरचा पैलवान पट काढायला खाली वाकलेला असताना कुणी घराच्या हप्त्याचा विचार करत नाही, केला तर पाठ लागते. तुला मात्र तसला विचार करायला चार तास मोकळे मिळतात. हीच सगळी अडचण आहे.

मैदानावर करायचा हिशोब एकच, कार्डाचा. तो मात्र डोळ्यांत तेल घालून कर. १९६८ च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दि विसेंझोनं सतराव्या होलवर तीन फटक्यांत बर्डी घेतली, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी. कार्ड लिहिणाऱ्यानं चार लिहिले. यानं न बघता सही ठोकली. नियम असा की जास्त लिहिलेला आकडा सहीनंतर तसाच धरायचा. प्लेऑफ होणार होता, तो झालाच नाही, एका फटक्यानं स्पर्धा गेली. वर त्या दिवशी त्याचा वाढदिवस. (आणि कमी लिहून सही केलीस तर सरळ बाद, हे तुला पाठ आहे.) तू कार्ड नीट बघतोस, मला मामा सांगतो. गेल्या वर्षी फटक्यासाठी बॉलमागं क्लब टेकवताना बॉल हलला म्हणून तू आपणहून दंड सांगितलास, कुणी बघितलं नव्हतं तरी, तेही त्यानंच सांगितलं. तू घरी बोलला नाहीस. आईला मी सांगितलं. ती काही म्हणाली नाही, पण त्या रात्री पुरणपोळी केली आणि तू नव्हतास म्हणून मी दोन जास्त खाल्ल्या.

आता व्यवहाराचं.

मी तुझ्या नावानं बँकेत वेगळं खातं काढलंय. गेल्या हंगामातल्या बेदाण्याचे पैसे त्यात टाकलेत. एटीएम कार्ड या पत्राबरोबर मामाच्या हाती येईल. ताईच्या बी. फार्मसीला सगळं मिळून जेवढं लागलं तेवढीच रक्कम आहे, एक रुपया जास्त नाही, कमी नाही. ताईला विचारून केलंय. तिनं काही परत केलं नाही, तूही करायचं नाहीस. पहिल्या चेकमधून आप्पांना अमुक देईन, टिप्पर घेईन, घर बांधीन, हे सगळं बंद. जिंकलास तर आनंदानं जेवू घाल गावाला. तेवढं पुरे.

हे पैसे दोन सीझनचे आहेत. कसे वापरायचे ते तू ठरव. क्वालिफाइंग स्कूलला, म्हणजे टूरच्या पात्रता स्पर्धेला, जायच्या आधी आठ दिवस त्या मैदानावर सराव करायचा असला तर कर, लॉजवर खर्च झाला तरी चालेल. कुठल्या स्पर्धेला जायचं, कुठली सोडायची, तुझं तू बघ. माझी एकच अट आहे. त्या दोन वर्षांत "आप्पांचे किती झाले" हा हिशोब करायचा नाही. ते काम माझं. खातं रिकामं झालं की तू इथं ये, ओट्यावर बसू आणि पुढचं बोलू. तेव्हा मी बेरीज काढीन, तू नाही.

आणि आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मन खट्टू व्हायला नको. टूरवर जमलं नाही तर शिकवायचा मार्ग आहे. इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकॅडमीचे कोचचे वर्ग असतात, ते कर. लहान पोरांना तू शिकवताना मी बघितलंय. त्या दिवशी सरावाच्या रेंजवर त्या बारक्या मुलीचं मनगट कसं धरलंस, तिला रागावला नाहीस, तिचा बॉल जमिनीवरून घरंगळला तरी "वा" म्हणालास. हे सगळ्यांना येत नाही. गावात लोक "शेवटी मास्तरच झाला" म्हणतील. म्हणू देत. मास्तरकीनं कुणाचं वाईट झालेलं मी बघितलेलं नाही.

तुझे ते मोबाईलवरचे "मनात ट्रॉफी बघा" वाले व्हिडिओ मला पटत नाहीत, हेही सांगतो. ट्रॉफी मनात बघून बघून हातात काठी धरायची विसरायची वेळ येते. त्यापेक्षा टीवरून बॉलपर्यंत चालताना काहीतरी साधं धर. मी बागेत फवारणी करताना ओळी मोजतो, दुसरं काही डोक्यात येऊ नये म्हणून. तू झाडं मोज, पावलं मोज, मामाचं नाव घे, काहीही कर. बॉलजवळ पोचलास की तुझा तो उतार, वारा, यार्ड सुरू कर. तोवर नको.

कट चुकला की तू आम्हाला दोन दिवस फोन करत नाहीस. करत जा. ताईच्या मोबाईलवर स्कोअर दिसतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला सगळं कळलेलं असतं, तू आत आहेस का बाहेर. तू बोलत नाहीस तेव्हा आई उगाच तुझं पोट बिघडलं असेल असं धरून बसते. खेळाचं बोलू नकोस, जेवलास का तेवढं सांग. तिला पुरे.

गेल्या सीझनचे बक्षिसाचे पैसे मिळाले त्यातनं टीडीएस कापलाय. त्याचे कागद सांभाळून ठेव आणि जुलैच्या आत रिटर्न भर, तुझं उत्पन्न एवढं नाही, कापलेलं परत मिळेल. तासगावच्या सीएंना मी विचारून ठेवलंय. पॅन कार्डची झेरॉक्स आणि बँकेचं स्टेटमेंट मामाकडं दे.

मामाबरोबर दोन किलो बेदाणा पाठवतोय. एक तुझा, एक तुझ्या कॅडीच्या घरी दे. त्या पोराला स्पर्धेचे पैसे त्याच दिवशी देतोस ना? तुझा कट चुकला तरी त्याचा चुकलेला नसतो.

बूट बदल. मी संक्रांतीला दारात बघितले, तळाचे काटे पार झिजलेत. ओल्या गवतावर पाय सरकला तर सगळी उठाठेव फुकट जाईल. ते पैसे त्या खात्यातून घेऊ नकोस, वेगळे पाठवलेत.

तुझा,
आप्पा